मानधन की वेतन?

समाजकार्य करणाऱ्या माणसाला महिन्याकाठी किती पैसे मिळतात, हा प्रश्न आपल्याकडे फारसा सभ्य मानला जात नाही. डॉक्टरच्या फीची, वकिलाच्या मिळकतीची आणि प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीची चर्चा चारचौघांत मोकळेपणाने होते. पण एखादी बाई पंचवीस वर्षे वस्तीतील मुलांना खाऊ घालते, त्यांची वजने घेते, गरोदर स्त्रियांच्या दारात जाऊन बसते, तिला त्याबद्दल काय मिळते असे विचारले की सभेत कोणीतरी हमखास म्हणतो, 'अहो, हे सेवेचे काम आहे.' या एका वाक्यात आपल्या कल्याणकारी राज्याचे वेतनविषयक धोरण सामावलेले आहे आणि ते धोरण तयार करण्यात आपल्यासारख्या चळवळीतील माणसांचाही काही वाटा आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की समाजसेवक या शब्दाखाली आज निदान तीन निरनिराळ्या प्रकारची माणसे मोडतात. पहिला प्रकार आपल्या परिचयाचा: पूर्णवेळ कार्यकर्ता. दुसरा, समाजकार्याची रीतसर पदवी घेऊन नोकरी करणारा. आणि तिसरा, संख्येने सर्वांत मोठा व प्रतिष्ठेने सर्वांत लहान, म्हणजे सरकारी योजनांत राबणाऱ्या अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा स्वयंसेविका. देशात अंगणवाड्यांची संख्या चौदा लाखांच्या आसपास आहे, आशा दहा लाखांच्या घरात आहेत. एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या चालतात. या लेखाचा मुख्य विषय तिसरा प्रकार आहे. परंतु पहिल्या दोहोंकडे पाहिल्याशिवाय तिसऱ्याची कहाणी उलगडत नाही.

महाराष्ट्रात अल्प वेतनावर समाजाचे काम करण्याची परंपरा जुनी आणि खरोखरच उज्ज्वल आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेत. गोखल्यांनी ते पाळले आणि पुढे १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करताना तोच आदर्श सार्वजनिक कार्यात आणला. सदस्याने निर्वाहापुरते घ्यावे व उरलेले आयुष्य देशाला द्यावे, ही त्यामागील कल्पना. या माणसांचा त्याग निर्विवाद होता. पण त्या त्यागाला एक अट होती, ती आपण विसरतो. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग मोकळा होता. वकिली करता आली असती, सरकारी नोकरी मिळाली असती. ते सोडून ते इकडे आले. ज्याला सोडण्यासारखे काही आहे त्याच्याच सोडण्याला त्याग म्हणता येते.

दुसरीही एक गोष्ट. या त्यागाचा हिशेब घरात कोणी चुकता केला, हे चरित्रग्रंथांत बहुधा एखाद्या परिच्छेदात येते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. परंतु ज्यांच्या घरी मोडायला मंगळसूत्रही नव्हते, किंवा ज्यांनी नोकरी करून नवऱ्याची चळवळ चालवली, अशा कित्येक स्त्रियांच्या पगारावर महाराष्ट्रातील पुरोगामी संघटना उभ्या राहिल्या. पक्षाच्या किंवा संघटनेच्या जमाखर्चात ती रक्कम कधी दाखवली गेली नाही. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा काही रक्कम देण्याची प्रथा सुरू झाली. त्या उपक्रमाचे मोल मला रकमेपेक्षा त्यामागील कबुलीत वाटते. कार्यकर्त्याला पोट असते, ही गोष्ट समाजाने तिकीट काढून मान्य केली.

दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यात. समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये सुरू झाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. वस्तीत काम करणारा प्रशिक्षित माणूस तयार करावा ही कल्पना. पण स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि या पदवीला बाजार मिळाला तो तेथे. माझ्या ओळखीची दोन मुले एकाच वर्षी समाजकार्याची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाली. एक कारखान्याच्या कार्मिक विभागात गेला आणि सन्मानाने निवृत्त झाला. दुसरा झोपडपट्टीतील मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत गेला. प्रकल्पाची मुदत तीन वर्षांची. मुदत संपली की नोकरी संपली, नवा प्रकल्प आला की नवी नेमणूक, पहिल्या पायरीपासून. देणगीदाराला शाळेची इमारत दाखवता येते, वाटलेली दप्तरे दाखवता येतात; ज्या माणसाने चार वर्षे घरोघर जाऊन त्या मुलांना शाळेत आणले त्याचा पगार मात्र 'प्रशासकीय खर्च' ठरतो आणि तो जितका कमी तितकी संस्था चांगली, असे समजले जाते. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने तर या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. दोघेही एकच अभ्यासक्रम शिकले. एकाचे कौशल्य भांडवलाच्या सोयीचे होते, दुसऱ्याचे नव्हते. पगारातील अंतर एवढ्यावरूनच पडले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. योजना उत्तम होती. लहान मुलाचे पोषण, लसीकरण, आरोग्य आणि शाळापूर्व शिक्षण यांचा एकत्र विचार करणारी अशी योजना जगात फार थोड्या देशांनी आखली असेल. पण ती ज्या स्त्रीच्या खांद्यावर उभी करायची तिला काय म्हणायचे, येथे राज्यकर्त्यांची प्रतिभा विशेष चालली. तिला कर्मचारी म्हटले नाही. ती गावातीलच, मानसेवी, समाजातून पुढे आलेली कार्यकर्ती. तिला पगार नाही, मानधन. तिची मदतनीस ही नुसतीच मदतनीस. तीस वर्षांनी, २००५ साली, ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, तेव्हा तिच्या इंग्रजी नावातच सामाजिक कार्यकर्ती हे शब्द घातले गेले आणि मराठीत ती स्वयंसेविका झाली. सेविका, मदतनीस, स्वयंसेविका: या तीन शब्दांपैकी एकाही शब्दामागून वेतनश्रेणी चालत येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

१९७५ साली सेविकेचे मानधन मॅट्रिक झालेलीस १५० रुपये आणि न झालेलीस १०० रुपये होते. मदतनिसाला ३५. त्या वेळी तिसऱ्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकराचे किमान मूळ वेतन १९६ रुपये होते. म्हणजे मॅट्रिक सेविकेचे मानधन त्या मूळ वेतनाच्या सुमारे तीनचतुर्थांश, बिगर मॅट्रिकचे निम्मे. आता पुढचा आकडा पाहा. केंद्राने ठरवलेले मानधन २०११ मध्ये ३,००० रुपये झाले, ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० झाले. सातव्या वेतन आयोगाचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये. चार हजार पाचशे म्हणजे त्याचा बरोबर चौथा हिस्सा. त्या ४,५०० मधीलही साठ टक्केच केंद्र देते, उरलेले चाळीस टक्के राज्याच्या माथी. पन्नास वर्षांत राष्ट्राचे उत्पन्न कितीतरी पटींनी वाढले, सेविकेची कामे वाढली, तिच्या शिक्षणाची पात्रता वाढवली गेली. तिचा तौलनिक दर मात्र तीनचतुर्थांशावरून एकचतुर्थांशावर आला.

आणि हे झाले मूळ वेतनाचे. खरा अन्याय महागाई भत्त्यात आहे. ज्याला वेतन म्हणतात त्याला निर्देशांकाचे कवच असते. ज्याला मानधन म्हणतात ते उघड्यावर असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राचा महागाई भत्ता ९ टक्के होता, म्हणून १८,००० च्या नोकरास १९,६२० मिळत. जुलै २०२५ पासून तो भत्ता ५८ टक्के झाला आणि त्याच नोकराचे २८,४४० झाले. त्यासाठी त्याला मोर्चा काढावा लागला नाही, मंत्र्यांना निवेदन द्यावे लागले नाही. याच काळात सेविकेचे केंद्रीय मानधन ४,५०० होते आणि ४,५०० च राहिले. मी स्वतः निवृत्त प्राध्यापक आहे. १९८६ च्या विद्यापीठ अनुदान मंडळाच्या श्रेणीत, २,२००-४,००० मध्ये, मी नोकरीस लागलो, तेव्हा सेविकेचे मानधन काही शेकड्यांत होते. आज वर्षातून दोनदा भत्ता वाढतो तेव्हा मला बँकेचा संदेश येतो. माझ्या निवृत्तिवेतनावरील नुसत्या महागाई भत्त्याची रक्कम आमच्या गल्लीतील सेविकेच्या संपूर्ण मानधनाहून अधिक आहे. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. आम्ही प्राध्यापकांनी श्रेणीसाठी संप केले, परीक्षांवर बहिष्कार घातले. ते योग्यच होते. त्या वेळी आमच्या शिक्षणक्षेत्राची पहिली पायरी, म्हणजे अंगणवाडी, आमच्या मागण्यांच्या पत्रकात कधी आली नाही.

चार हजार पाचशेला २६ दिवसांनी भागले तर रोज १७३ रुपये होतात. केंद्र सरकारनेच २०१९ साली देशासाठी सुचवलेला तळाचा दर रोज १७८ रुपये होता. त्याच वर्षी पुढे आलेल्या सत्पथी समितीच्या अहवालाने रोज ३७५ रुपयांची शिफारस केली होती. म्हणजे सरकार सेविकेसाठी जो दर ठरवते तो त्याने स्वतः सुचवलेल्या तळाच्याही खाली आहे.

राज्याने यात भर घातली आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. महाराष्ट्रात सेविकेचे एकूण मानधन २०२३ साली ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० झाले. २०२४ मध्ये ते अनुक्रमे १३,००० आणि ७,५०० करण्याचा निर्णय झाला. प्रोत्साहन भत्ता वेगळा, आणि तो अटींवर. परंतु ही वाढ कशी मिळाली ते विसरू नये. २०१७ साली २६ दिवसांचा संप झाला. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या थंडीत सुमारे पन्नास दिवस सेविका रस्त्यावर होत्या आणि त्यांना कामावरून काढण्याच्या नोटिसा बजावल्या जात होत्या. जी वाढ नोकराला छापील परिपत्रकाने घरपोच मिळते ती सेविकेला आझाद मैदानावर दोन महिने बसून, त्या दोन महिन्यांचे मानधन गमावून, निवडणूक जवळ आली म्हणजे मिळते. आणि तरीही ७,५०० ला २६ ने भागले की २८८ येतात; २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा जाहीर झालेला दर ३१२ रुपये होता. खडी फोडणाऱ्या मजुराचा दर जास्त आहे अशी तक्रार मी मुळीच करीत नाही; तोही कमीच आहे. पण मुलांना भरवणाऱ्या बाईची किंमत त्याहूनही खाली लावणाऱ्या राज्यकर्त्यांनी बालदिनाची भाषणे बेताने करावीत.

असे का होते? अर्थशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना ॲडम स्मिथचे वेतनभेदाविषयीचे विवेचन सांगत असे. १७७६ च्या त्या ग्रंथात त्याने म्हटले आहे की कामगारावर जितका मोठा विश्वास टाकावा लागतो तितके त्याचे वेतन अधिक असते. म्हणून वैद्य आणि वकील यांना जास्त द्यावे लागते. विश्वासाचा हा निकष लावला तर सहा महिन्यांच्या तान्ह्याचे वजन ज्या हातांत घेतले जाते त्या हातांचे वेतन काय असावे? पण येथे बाजार स्मिथच्या नियमाने चालत नाही. या कामाचा खरीददार एकच आहे, सरकार. गावातील दहावी-बारावी शिकलेल्या विवाहित स्त्रीला गाव सोडून जाता येत नाही. दुसरे पांढरपेशे काम गावात नाही. अशा स्थितीत एकुलता एक खरीददार जो दर ठरवील तो दर. एखाद्या खाजगी कारखानदाराने हे केले असते तर आपण त्याला पिळवणूक म्हटले असते.

शिवाय एक जुने गृहीत आहे. बाईचे उत्पन्न हे वरखर्चाचे. घर नवरा चालवतो. याविषयी एक विलक्षण विसंगती सांगतो. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे जे सूत्र ठरवले त्यात एका कामगाराच्या वेतनात तीन उपभोग घटक भागले पाहिजेत असे म्हटले आणि पत्नीची व मुलांची मिळकत हिशेबात धरू नये असे स्पष्ट केले. म्हणजे पुरुषाचे वेतन ठरवताना स्त्रीची कमाई मोजायची नाही. उत्तम. मग सेविकेचे मानधन ठरवताना नवऱ्याची कमाई का मोजता? आणि ती विधवा असेल, परित्यक्ता असेल, तर? या पदांवर निराधार स्त्रिया किती मोठ्या प्रमाणात आहेत हे तालुक्यातील कोणत्याही मासिक बैठकीत जाऊन पाहावे.

कायद्यानेही येथे बराच काळ पाठ फिरवली. अंगणवाडी सेविका हे नागरी सेवेतील पद धारण करीत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कर्नाटकातील अमीरबी खटल्यात ठरवले. त्याच न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारी, असा थोर निर्णय दिला होता. पण सेविका जर कामगारच नाही, तर किमान वेतन कोठले? आणि मार्च २०१८ मध्ये काय झाले पाहा. ज्यांना वेतन देताना सरकार म्हणत होते की या आमच्या कर्मचारी नाहीत, त्यांनाच संपबंदीसाठी महाराष्ट्र सरकारने अत्यावश्यक सेवा कायदा, 'मेस्मा', लागू केला. पैसे देताना मानसेवी, संप करताना अत्यावश्यक! विरोध झाल्यावर त्या निर्णयाला काही दिवसांतच स्थगिती द्यावी लागली, पण सरकारच्या मनात काय आहे ते त्या एका कागदाने उघड केले.

सुदैवाने वारे थोडे बदलत आहे. २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींची ती परिषद होती. शिफारस मात्र कपाटात गेली. एप्रिल २०२२ मध्ये मणिबेन भारिया यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू होतो असे ठरवले. त्यांना मिळते ते त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, हे त्यातून निष्पन्न झाले. २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने तेथील सेविकांना किमान २४,८०० आणि मदतनिसांना २०,३०० रुपये देण्याचा आदेश दिला. या निर्णयांचे पुढे काय व्हायचे ते होवो. मानधन या शब्दाचा पडदा न्यायालयातच फाटू लागला आहे, ही गोष्ट लहान नाही.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. एक असा की हे चार-पाच तासांचे काम आहे. ज्यांना असे वाटते त्यांनी एक दिवस सेविकेबरोबर काढावा. मुले घरी गेल्यावर गृहभेटी, त्यानंतर नोंदवह्या, त्यानंतर कोणतेही खाते पाठवील ते सर्वेक्षण. २०२१ साली पोषणाच्या नोंदी मोबाइलवर, इंग्रजीतील प्रणालीत भरण्याची सक्ती झाली. दिलेले फोन निकृष्ट होते, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यातील हजारो सेविकांनी ते सरकारला परत केले. टाळेबंदीच्या दिवसांत घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या आशांना महिना १,००० रुपये जादा देण्यात आले होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला तेव्हा सत्ताधाऱ्यांनी अभिनंदनाचे संदेश काढले. त्या दिवशी कोणी पुढे होऊन म्हटले नाही की हे चार-पाच तासांचे काम आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तिजोरीत आहे कोठे? देशात सेविका आणि मदतनीस मिळून सुमारे २५ लाख धरू. प्रत्येकीस दरमहा १०,००० रुपये जादा द्यायचे झाले तर वर्षाला ३०,००० कोटी लागतात. रक्कम मोठी आहे. परंतु २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांचा प्राप्तिकर एका घोषणेने कमी करण्यात आला, तेव्हा अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते की त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल. त्या दिवशी तिजोरीची आठवण कोणास झाली नाही. सोडलेल्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या रकमेत सेविका व मदतनीस सन्मानाने जगू शकतील.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच काहींचा आहे आणि मला तो अधिक बोचतो. पगार दिला की सेवाभाव संपेल, ही माणसे सरकारी नोकरांसारखी होतील. परिचारिकेला पगार मिळतो म्हणून तिची माया आटते काय? आम्ही शिक्षकांनी २,२०० ची श्रेणी घेतली तेव्हा आमचा ज्ञानयज्ञ विझला, असे कोणी म्हणाले नव्हते. सेवाभावाची परीक्षा केवळ गरीब स्त्रीनेच का द्यावी? गोखल्यांचा त्याग गोखल्यांनी केला होता. सरकारने तो पंचवीस लाख बायकांवर परिपत्रकाने लादला आहे, आणि त्याला आपण आपल्या परंपरेतील थोर शब्द उसने दिले आहेत.

मालक कोण हे नक्की नसताना कामगाराला संरक्षण देता येत नाही, असे जे म्हणतात त्यांना महाराष्ट्राचा इतिहास माहीत नाही. हमाल आणि माथाडी कोणाचेच नोकर नव्हते. रोज मालक वेगळा, रोज दर वेगळा. १९६९ साली याच राज्याने माथाडी कायदा केला, मंडळे स्थापन केली, मजुरीबरोबर लेव्ही वसूल केली आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना हे सारे पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवले. त्या व्यवस्थेत दोष शिरले, ते वेगळे. पण शंभर मालकांच्या हमालाला जे देता आले ते एकाच मालकाच्या सेविकेला देता येत नाही, हे मानायला निदान मी तयार नाही. मानधनाला महागाई निर्देशांकाशी जोडण्यास तर नवा कायदाही लागत नाही, एक निर्णय पुरतो. वेतनश्रेणीची लढाई लांबेल. ही मागणी आज, स्वतंत्रपणे लावून धरता येण्यासारखी आहे.

तोवर एक काम मात्र आपल्या हातचे आहे. गेल्या महिन्यात आमच्या भागातील एक मदतनीस माझ्याकडे आल्या. एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालेल्या. 'सर, मला काही मिळायचं राहिलंय का, एवढं बघा,' म्हणाल्या. उपदानाचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, मग सेवेच्या वर्षांनी. १९७२ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असला तरी हे सूत्र कायम आहे. ७,५०० धरले आणि एकतीस वर्षे धरली तर १ लाख ३४ हजार १३४ रुपये होतात. सेविकेचे १३,००० आणि तीस वर्षे धरली तर सव्वादोन लाख. मी आकडा सांगितला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'पण माझ्याकडे कागद काहीच नाही हो.' नेमणुकीचा आदेश हरवलेला, जुनी हजेरीपुस्तके कार्यालयात सापडत नाहीत, आणि निवृत्तीच्या पत्रावर 'मानसेवी' असा शिक्का.

अशा स्त्रिया प्रत्येक तालुक्यात आहेत. २०२२ च्या निकालानंतर निवृत्त झालेल्यांच्या याद्या आपल्या शाखांनी करावयास हव्यात: नाव, नेमणुकीची तारीख, निवृत्तीची तारीख, शेवटचे मानधन. आदेश नसेल तर जुने बँक पासबुक, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, मासिक बैठकीच्या वहीतील सही, जे मिळेल ते जोडावे. अर्ज निवृत्तीपासून तीस दिवसांत करावयाचा असतो, पण उशीर झाला एवढ्याच कारणाने हक्क बुडत नाही. आमच्या त्या मदतनीसबाईंचे १९९७ चे एक पासबुक त्यांच्या लेकीच्या सासरी, जुन्या ट्रंकेत सापडले. त्यावर मानधनाच्या नोंदी आहेत. त्याची प्रत काढून अर्ज गेल्या आठवड्यात दिला आहे.